बाबांच्या पाठीवरचे पट्टे

शाळेत मास्तरांनी डोळे वटारून "हे कोणी केलं?" असं विचारलं, की मी उभा राहायचो. केलेलं नसायचं. माठ फुटला, खडू गेले, फळ्यावर मास्तरांचं चित्र निघालं, काहीही असो. त्या आवाजातच असं काहीतरी होतं की माझे पाय आपोआप सरळ व्हायचे. मास्तरांनाही सवय झाली. पुढेपुढे ते म्हणायचे, "तू बस. तू सोडून कोणी केलं?" आठवीत शाळा सुटली, ती वेगळ्या कारणानं, पण ही खोड काही सुटली नाही. यवतमाळकडचं गाव सोडून मी इतक्या लांब नवी मुंबईला निघालो तेव्हा आईनं दोन गोष्टी बजावल्या. एक, "कोणी काही इचारलं त आधी बसून राय." आणि दुसरी, "दुखलं-खुपलं त पिशवीच्या तळाशी बिब्बे हायेत. परमुलखात कोण पायते तुले?"

पहिली गोष्ट मला पाळता आली नाही. दुसरी पाळली, आणि त्यातून हे सगळं झालं.

घणसोली गावात, टॉवरांच्या सावलीला जी जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यातल्या एका घराच्या जिन्याखाली मला खोली मिळाली. खोली म्हणजे जिना वर चढताना त्याच्या पोटात जी जागा उरते ती. एका कोपऱ्यात ताठ उभं राहता यायचं, दुसऱ्या कोपऱ्यात फक्त आडवं होता यायचं. घरमालक तिथलेच, आगरी. आधी भातशेती आणि मिठागर, आता भाडेकरू. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो. बाबांच्या गळ्यात जाड दोऱ्यात ओवलेला किल्ल्यांचा जुडगा असे. सगळ्या खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या. आंघोळीलाही तो उतरायचा नाही. भाडेकरू कामाला गेले की बाबा एकेक खोली उघडून पंखा बंद आहे ना, नळ बंद आहे ना, ते बघून येत. कुणाला त्यात काही गैर वाटत नसे. वाटलं तरी किल्ली त्यांच्याच गळ्यात.

मी आलो त्याच आठवड्यात गच्चीवरची टाकी भरून वाहिली. बाबा जिन्यात उभे राहून गरजले, "नल कोनी चालू ठेवला रं?" मी नुकताच बाहेरून आलो होतो, हातात भाजीची पिशवी होती. तरी म्हणालो, "मी." बाबांनी माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. मग हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी मला स्कूटरच्या मागं बसवून पावण्याला घेऊन गेले. तिथं एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवायचा एक लहानसा कारखाना होता, मालक त्यांच्या ओळखीतला. बाबांनी माझी ओळख करून दिली, "ह्याला ठेव. पोरगा लय प्रामानिक. चोरी केली नाय तरी कबूल करल."

नोकरी लागली. आजवर माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नाही.

बाबांच्या घरी त्यांची बायको होती. तिला मी आई म्हणायचो, म्हणजे मला दोन आया झाल्या, एक फोनवर आणि एक जिन्यावर. ही आई मला बघितलं की आधी विचारायची, "जेवलास?" आणि मी "हो" म्हणालो तरी ताट वाढायची, कारण माझ्या कबुलीवर विश्वास ठेवायचा नाही हे घरात सगळ्यांना कळलं होतं. आमच्या गावात समुद्र नाही, खाडी नाही, मासा म्हणजे तळ्यातला. सुका बोंबील पहिल्यांदा ताटात आला तेव्हा मी बिचकलो होतो. आता पावण्याला डब्यात बोंबील नसला की मला करमत नाही. हे सगळं सांगतो एवढ्यासाठी की त्या घराचं मी किती देणं लागतो ते कळावं. त्या घरातून हाकललं जाणं म्हणजे काय, तेही कळावं.

तर, बाबांची पाठ दुखायची. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या तेव्हापासून दुखते, असं ते सांगत. आईंनी मलम, पट्ट्या, गरम पाण्याची पिशवी, सगळं करून झालं होतं. एक दिवस पंखा तपासायला बाबा माझ्या खोलीत शिरले आणि पिशवीच्या तळाशी पोचले. मी कामावरून आलो तर काळा बिब्बा चिमटीत धरून बसलेले.

"ह्या काय रं? बॉम हाय?"

मी सांगितलं. आमच्याकडं बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरतात, त्यातून काळं तेल सुटतं, ते दुखऱ्या जागी टेकवतात. माझ्या वडिलांना लावायचे.

"मग लाव."

"आईंना विचारू का?"

"तिला विचारलास तर ती तुलाबी घराबाहेर काढल नि मनाबी." त्यांनी गळ्यातला जुडगा पुढं केला. "ह्यावर हात ठेव. कोनला सांगायचं नाय. शपथ घे."

मी किल्ल्यांवर हात ठेवून शपथ घेतली. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या, म्हणजे सगळ्या खोल्यांची शपथ.

बिब्बा लावायचा एक नियम आहे. लावणाऱ्यानं आधी आपल्या बोटांना खोबरेल तेल चोळायचं, नाहीतर बिब्बा त्याच्यावरच उततो. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण खोबरेलाची बाटली होती आईंच्या स्वयंपाकघरात, देवाच्या फळीवर. मागायला गेलो की त्या विचारणार, "कशाला?" आणि मला कुणी कशाला विचारलं की काय होतं, ते सांगितलंच आहे. तेव्हा तेलाशिवायच बसलो.

बाबा माझ्या खोलीत पालथे झोपले, डोकं ठेंगण्या कोपऱ्यात. मी विचारलं, "कुठं दुखते?"

"हिथून."

"कुठवर?"

"हिथवर." खांद्यापासून कमरेपर्यंत.

आमच्याकडं एखादा ठिपका देतात, फार तर फुली. मी ठिपका दिला.

"ठिपका काय देतोस? मी काय सायकलीची टूब हाय? ओढ खालपरयंत!"

मी एक रेघ ओढली. मग त्यांना त्या रेघेच्या शेजारीही दुखायला लागलं. तिथं ओढली. मग दुसऱ्या बाजूनं. तेल ओघळायचं, ते मी उघड्या बोटांनी टिपायचो. संपलं तेव्हा बाबांची पाठ वाघासारखी दिसत होती आणि बाबा खूश होते. "बघ, आताच हलकं वाटतं."

दोन दिवसांत पट्टे काळेभोर झाले, सुजले, त्यांवर फोड आले आणि खाज सुटली. बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. आईंनी विचारलं तर "घामोलं". मला मात्र कोपऱ्यात गाठून म्हणाले, "पाठ दुखायची थांबली रं." खाजेपुढं दुखणं आठवायला त्यांना वेळ कुठून मिळणार, असं मला वाटलं. माझाही अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी पडून फुगली होती. कारखान्यात विचारलं तेव्हा गरम डिंकानं भाजलं म्हणून सांगितलं. घरी आलो की हात खिशात.

तो सुट्टीचा दिवस होता, मे महिना. जेवण झाल्यावर बाबा नेहमीसारखे गच्चीवर टाकीच्या सावलीत खाटेवर पडायला गेले. चहाच्या वेळेला आई म्हणाल्या, "जा, हाक मार त्यांना. चा झालाय."

बाबा खाटेवरून खाली, पालथे पडले होते. बनियान काढून उशाला ठेवलेलं. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. खाली जाऊन आईंना काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी नुसता उभा होतो आणि त्यांना कळलं, एवढंच आठवतं.

मग माणसं जमली. सगळ्यात पुढं बाबांचा पुतण्या. तो शेजारच्याच घरात राहायचा, रेती-विटांचा धंदा, गळ्यात साखळी, आणि संध्याकाळच्या पोलिसांच्या मालिका एकही न चुकवणारा. त्यानं पाठीवरचे पट्टे पाहिले आणि तिथंच जाहीर केलं, "मर्डर हाय!" बाबांना सरळ केलं तर तोंड आणि छाती जांभळी. "गला दाबलाय!" ओठांच्या कडेला आणि मानेवर बारीक लाल ओरखडे. "नखं बघा, नखं!" तो एकेक सांगायचा आणि गर्दीतून "आईशप्पथ" यायचं.

हवालदार आला. "पहिल्यांदा कोणी बघितलं?"

मी उभाच होतो, तरी आणखी उभा राहिलो. "मी."

"हात बाहेर काढ खिशातून."

"थंडी वाजते साहेब."

हवालदारानं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं. तेवढ्यात आईंना चक्कर आली, सगळे तिकडं धावले, आणि माझे हात खिशातच राहिले. पण जाताना तो मला म्हणाला, "सकाळी दवाखान्यात यायचं. गाव सोडायचं नाही." माझं गाव सुटलेलंच होतं, हे त्याला कोण सांगणार.

ती रात्र मी जिन्याखाली काढली. पट्टे मी ओढले हे मला ठाऊक होतं. बिब्ब्यानं माणूस मरतो का, हे ठाऊक नव्हतं. आणि विचारणार कुणाला, तर ज्यांना विचारायचो ते बाबाच गेलेले.

सकाळी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं पोस्टमार्टेम होतं तिथल्या बाकावर आम्ही बसलो. आई, पुतण्या, हवालदार आणि मी. मला वाटलं होतं चिरफाड करायला कोणी राक्षसासारखा माणूस येईल. आल्या एक बुटक्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या डॉक्टर बाई. त्या आत जाऊन आल्या आणि खुर्ची ओढून आमच्यासमोरच बसल्या.

पुतण्या सुरूच झाला, "मॅडम, क्लिअर मर्डर हाय. आधी मारलंय, मग गला..."

"थांबा. काय झालं ते नको. काय दिसलं तेवढं सांगा."

"तेच सांगतो ना! मर्डर दिसला."

मॅडमनी चष्मा वर केला. "मर्डर कोणाला दिसत नसतो. रंग दिसतो, जखम दिसते, वस्तू दिसते. ते सांगा. कसे पडले होते? उताणे का पालथे?"

"पालथे," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण विचारलं होतं.

"जेवल्यावर काय खाल्लं होतं?"

आता पुतण्याला राहवेना. "मॅडम, आमचा मानूस गेला आनि तुमी मेनू विचारताय?"

"गूल," आई पहिल्यांदाच बोलल्या. "जेवल्यावर गुलाचा खडा तोंडात धरून झोपायचे. किती सांगितलं, मुंग्या लागतील. डायबेटिस हाय. ऐकतील तर शपथ."

"खाटेजवळ मुंग्या होत्या?"

"व्हत्या," पुतण्या नाइलाजानं म्हणाला. "लाल."

"मग ती नखं नाहीत. मुंग्या आहेत. मेल्यावर मुंगी चावली की रक्त येत नाही, नुसती साल निघाल्यासारखं होतं. बघणाऱ्याला ओरखडा वाटतो." मॅडम शांतपणे बोलत होत्या, भाजीच्या दुकानात बसल्यासारख्या. "पुढचं?"

पुतण्या बाकावरून पुढं सरकला. त्यानं हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. "आनि छातीवर? सगली छाती जांभली नि मधीच पांढरी किल्ली! किल्लीचा छाप! किल्लीनं मारलंय!"

"गळ्यात किल्ल्या घालत होते का?"

"जन्मभर," आई म्हणाल्या. "लग्नाचे रातीबी व्हत्या. तवा मिठाचे कोठीची एकच व्हती."

हवालदार खोकला. मॅडमनी मात्र मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. "माणूस गेला की रक्त खालच्या बाजूला उतरतं. पालथे होते म्हणून तोंड आणि छाती जांभळी. जिथं काही दाबलं गेलेलं असतं तिथं रक्त उतरत नाही, ती जागा पांढरी राहते. अंगाखाली किल्ल्या होत्या, किल्ली उमटली. चमचा असता तर चमचा उमटला असता."

पुतण्या मनात चमच्याचा खून जुळवून बघत असावा. मी मोकळा श्वास घेतला. घेतला तो घेतलाच, सोडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "पाठ मात्र वेगळी आहे. ते पट्टे जिवंतपणीचे आहेत. दोन-तीन दिवसांपूर्वीचे. आपोआप आलेले नाहीत."

"बघा!" पुतण्या उठलाच. "म्हनलं नव्हतं?"

मॅडमनी चष्म्यातून आम्हा सगळ्यांवर एकेक करून नजर फिरवली. आणि हुबेहूब माझ्या मास्तरांच्या आवाजात विचारलं,

"हे कोणी केलं?"

माझे पाय सरळ झाले.

"मी."

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही. पुतण्यानं माझी कॉलर धरली. हवालदारानं पुतण्याची कॉलर धरली. आणि आई दोघांच्या वर ओरडल्या, "बस खाली! सोड त्याला! ह्याला सवय हाय उभा राहायची! टाकीचा नलबी ह्यानंच चालू ठेवला म्हनला व्हता!"

"काकी, तो सोताच्या तोंडानं सांगतोय!"

"त्याचे तोंडावर काय जातोस? झुरल दिसला तर मना हाक मारतो ह्यो. ह्यो मारनार? कोनाला?"

इतक्या प्रेमानं माझी कोणी इज्जत काढलेली नव्हती. मला रडायला आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेल्या गोष्टीसाठी उभा राहिलो होतो आणि माझी बाजू घेणारं एकच माणूस मला खोटं ठरवत होतं. मी म्हणालो, "नाही आई. या वेळी खरंच मी केलं."

आई बघतच राहिल्या. माझ्याकडं त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं, परक्याकडं बघावं तसं. पुतण्याच्या हातापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"कशानं केलं?" मॅडमनी विचारलं.

शपथ आठवली. बाबांच्या किल्ल्या आता पोलिसांच्या पिशवीत होत्या, पण शपथ माझ्याकडंच होती. हवालदार म्हणाला, "मॅडम, हा कालपासून हात लपवतोय. मेमध्ये थंडी वाजते म्हणतो."

"हात दाखव."

मी हात बाहेर काढले. मॅडमनी मला खिडकीशी नेलं, माझा अंगठा उजेडात धरून उलटा-सुलटा बघितला, बोटांचे फोड बघितले. मग विचारलं, "खाज येते?"

"लय."

"तेल लावायचं विसरलास वाटतं आधी?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. "तुम्हाले कसं माहीत?"

"बिब्बा ना?"

शब्द त्यांनी उच्चारला, मी नाही. म्हणजे शपथ शाबूत राहिली. मी मोठ्यानं रडलो आणि रडता रडता विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या का?"

"मी दादरची. हे पुस्तकात आहे."

आमचा बिब्बा पुस्तकात! मी शाळा लवकर सोडली याचं मला त्या क्षणाइतकं वाईट कधी वाटलं नाही.

मॅडम आईंकडं वळून सांगू लागल्या. काही लोक शेजाऱ्याला अडकवायला आपल्याच अंगावर बिब्बा लावून घेतात आणि मार बसला म्हणून चौकीत जातात. म्हणून मुकामार कुठला आणि बिब्बा कुठला हे ओळखायला शिकावं लागतं. मुकामाराला फोड येत नाहीत, खाज येत नाही. "पट्ट्यांच्या खाली ओघळ बघितले तेव्हाच मला शंका आली. काठीचा मार ओघळत नाही. यांच्या नखांत काळं होतं, ते खाजवल्याचं. पण लावणारा कोण, ते कळत नव्हतं. काठी मारणाऱ्याच्या बोटांना फोड येत नाहीत. बिब्बा लावणाऱ्याच्या येतात." त्यांनी माझा अंगठा आईंच्या समोर धरला. "आणि मारायला कोणी अशा मोजून मापून शेजारी शेजारी रेघा ओढत बसत नाही. यांनी पडून राहून लावून घेतलंय."

पुतण्यानं माझी कॉलर सोडली आणि नीटही केली.

"पण हे झालं पाठीचं," मॅडम उठल्या. "कशानं गेले, ते आत बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. बसा."

आम्ही बसलो. आई माझ्या शेजारी आल्या. मग समोर बघत म्हणाल्या, "खोबरेल मागायचं व्हतास."

"तुम्ही विचारलं असतं, कशाला."

"विचारलंच असतं."

"मग मी सांगितलं असतं."

"मग मी लावू दिलं नसतं." पदर तोंडाशी नेला. मला वाटलं रडतायत. बघितलं तर हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "घामोलं म्हनाले. बनियान काढून देईनात. मी गल्यातून डबाभर पावडर ओतली आत. बिब्ब्यावर पावडर!"

मॅडम बाहेर आल्या तेव्हा हात धुऊन आल्या होत्या. हृदयाला रक्त नेणारी नस बंद झाली होती, म्हणाल्या. जुनं दुखणं. गळ्याला आतून काही नाही, मार कुठंच नाही, बिब्बा कातडीच्या खाली गेलेला नाही. हवालदारानं टोपी घातली. पुतण्या माझ्या खांद्यावर हात टाकून त्याला म्हणाला, "मी तर पयल्यापासून म्हनत व्हतो, आपला पोरगा साधा हाय."

मला मात्र एक विचारायचंच होतं. "मॅडम, त्यांची पाठ दुखायची. ती मिठाच्या टोपल्यांची होती, का ही नसेची?" मनात पुढचंही होतं: मी रेघा ओढत बसलो नसतो आणि कोणी त्यांना डॉक्टरकडं नेलं असतं, तर?

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मला सांगता येणार नाही. माणूस गेला की दुखणं दिसत नाही." मग चष्मा परत चढवून, "तू केलं नाहीस असंही मी उगाच म्हणत नाही आणि केलंस असंही नाही. जे दिसलं नाही ते मी लिहीत नाही. तूही कबूल करू नकोस."

हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

जाताना त्यांनी दम भरला, पुन्हा कुणाला बिब्बा लावशील तर खबरदार, आणि त्याच दमात विचारलं, "आहेत का अजून? विद्यार्थ्यांना दाखवायला हवे होते." मी सगळे नेऊन दिले. गावी आईला फोन केला तर तिचा आनंद गगनात मावेना. "बाप्पा! सरकारी डाक्टरनं आपले बिब्बे मांगतले? आणखी पाठवू का पोतंभर?" बाबा गेल्याचं सांगितल्यावर रडली, फोनवर आईंशी बोलली. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळलं, पण दोघी बराच वेळ बोलल्या.

बाबांचे दिवस झाले. किल्ल्या परत आल्या. आता त्या आईंच्या गळ्यात असतात. एक दिवस कामावरून आलो तर माझी खोली उघडी, पंखा बंद, आणि आई मधोमध पाय पसरून बसलेल्या. शेजारी देवाच्या फळीवरची खोबरेलाची बाटली. दारात पुतण्या, हातात मोबाईल.

"गुडघा दुखतो," आई म्हणाल्या. "लाव."

"आई, मॅडमनी नको सांगितलंय."

"ती मेलेल्यांची डॉक्टर हाय. मी जिती हाय. त्यांना लावलास, मना काय झालं? आनि ह्या येली तेल लाव बोटांना." मग पुतण्याला, "घे रं व्हिडिओ." मोबाईलकडं बघून त्या लग्नाच्या फोटोसारख्या ताठ झाल्या. "मी माझे मर्जीनं लावून घेतंय. उद्या मेले तर ह्या पोराला कोनी हात लावायचा नाय. ह्यानं कबूल केलं तरी नाय."

"काकी, परत एकदा बोला. माझा बोट आलता मधी."

त्या परत बोलल्या. मी कोपरापर्यंत तेल चोळलं. बिब्बा एकही उरलेला नव्हता, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं. दिवा लावला, वाटीत तेल कोमट केलं आणि बोटांनी त्यांच्या गुडघ्यावर हळूहळू जिरवत राहिलो. आईंनी डोळे मिटून घेतले होते.

"जलजलत नाय," त्या म्हणाल्या.

मी आणखी थोडं तेल बोटांवर घेतलं. त्यांनी एक डोळा उघडला. गुडघ्याकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. पुतण्या अजून व्हिडिओ घेत होता.

"बरं वाटतं," आई म्हणाल्या आणि डोळा परत मिटला. "आता दुसरा."